तिसरी खाच

कामोठे,
४ मे २०२५

प्रिय गोदूआत्या,

नमस्कार. फेब्रुवारीत मैत्रिणींबरोबर रेवदंड्याला आले आणि वाट वाकडी करून चौलला तुझ्या अंगणवाडीत घुसले, तेव्हा तू मला ओळखायच्या आधीच खिचडीची थाळी पुढे केलीस. त्यानंतर आपली दोन-दोन पत्रं झाली. तू म्हणालीस, दिवसभर सरकारी मोबाईलवर पोरांची वजनं भरते, संध्याकाळी तो डोळ्यांसमोर नको, लिहायचं तर कागदावर लिही. म्हणून हे तिसरं पाकीट जाड आहे.

आत एक फासा आहे, वीस बाजूंचा. घाबरू नको, जुगार नाही. मी पाच वर्षं मित्रमैत्रिणींबरोबर एक खेळ खेळते. सगळ्यांनी टेबलाभोवती बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, त्याला गेममास्टर म्हणतात. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. मी सांगणार, ‘समोर नदी आहे, पूल तुटलाय.’ तू सांगायचं, तुझं माणूस काय करतं. जिथे जमेल की नाही अशी शंका, तिथे फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, छोटा आला तर फसलं. हरणं-जिंकणं नाही. अशी एक लांबलचक गोष्ट महिनोन्‌महिने चालते, तिला कॅम्पेन म्हणतात.

आमचा ग्रुप फुटला. एक जण पुण्याला गेला, एक कॅनडाला. मला नवीन कॅम्पेन सुरू करायचंय, टेबलाऐवजी टपालानं. खेळाडू दोनच. एक तू. दुसऱ्याचं नाव खेळ संपेपर्यंत सांगायचं नाही, हा नियम.

सोबतच्या कागदावर तुझं माणूस लिहून पाठव. नाव, वय, काम, कशाला भितं. बळ, चपळाई आणि धीर यांना मिळून तीस गुण वाटून दे.

बाबांना माहीत नाही मी तुला लिहिते ते. घरात तुझं नाव निघालं की ते चप्पल घालून खाली जातात. का, ते कोणी सांगत नाही. मीही आता विचारत नाही. पण तू खेळशील ना?

तुझी,
प्राप्ती

*

चौल,
१२ मे २०२५

चि. प्राप्तीस अनेक आशीर्वाद.

पाकीट पोचलं. पोस्टमननं आधी दाबून बघितलं आणि मला विचारलं, "बाई, बियाणं हाय काय?" फासा आमच्या अंगणवाडीतल्या क्रांतीनं, वय वर्षं चार, तोंडात घातला होता. काढून, धुऊन ठेवलाय.

आम्हाला कॅम्पेन म्हणजे पोलिओ, बर्फाची पेटी आणि घरोघर हिंडणं. तुझं बसून करायचं आहे, तेवढं बरं. खेळशील का म्हणून काय विचारतेस? मी दिवसभर कोंबडा होते, झुकझुकगाडी होते. संध्याकाळी आणखी एक बाई व्हायला माझं काय जातं?

तर लिहून घे. नाव चंद्राबाई. वय पन्नास. काम, मिठागरातून डोक्यावर मीठ वाहणं. बळ बारा, चपळाई चार, धीर चौदा. कशाला भिते ते लिहिणार नाही. आधीच सांगितलं तर तू नेमकं तेच पुढ्यात आणून ठेवशील. पोरांना मी चांगली ओळखते.

अट एकच. तुझ्या बाबाचं नाव या खेळात येता कामा नये. तुझ्यावर माझा राग नाही, तू तेव्हा आठ वर्षांची होतीस. दिनानाथशी मी सोळा वर्षं बोललेली नाही. एवढं पाळ. बाकी मग राक्षस आण नाहीतर भूत आण, चंद्राबाई तयार आहे.

तुझी,
गोदूआत्या

*

कामोठे,
२० मे २०२५

प्रिय आत्या,

चंद्राबाई मला फार आवडली. चला, पहिली भरती.

गावाचं नाव नवखार. गाव भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली वसलंय. भातखाचरं, मिठागरं, घरं, सगळं एका मातीच्या बांधाच्या भरवशावर. बांधाच्या पलीकडे खाडी. आज सकाळी बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड, आणि खारं पाणी आत यायला लागलंय. माझं प्रत्येक पत्र म्हणजे एक भरती. पाचवी भरती मोठ्या उधाणाची. तोवर खांड बुजली नाही किंवा माणसं वर निघाली नाहीत, तर नवखार संपलं.

गावचा नियम असा की खांड पडली की घरटी एक माणूस बांधावर गेलंच पाहिजे. देवळापुढे पुकारा होतो. घराचं नाव घेतलं की त्या घरच्यानं "हाय" म्हणायचं. हे मी लहानपणी ऐकलंय, कोणाकडून ते विचारू नको, तुझी अट आहे.

दुसऱ्या खेळाडूचं पात्र मोरू तांडेल. तो खाडीत ‘तर’, म्हणजे होडी, चालवतो, माणसं या काठावरून त्या काठावर नेतो. बांधाची कामं त्याच्याइतकी गावात कोणाला येत नाहीत.

पुकारा सुरू झालाय. चंद्राबाई काय करते?

तुझी,
प्राप्ती

*

चौल,
२८ मे २०२५

चि. प्राप्तीस आशीर्वाद.

तुझी पहिली भरती वाचली आणि कागद पालथा घालून ठेवला. दोन दिवस तो पालथाच होता. तुला जगातल्या हजार गोष्टी सुचल्या असत्या, पोरी. खांडच कशी सुचली?

तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मीच सांगते. तुझे आतोबा, रतन, खांडीतच गेले. सूर्यग्रहणाच्या अमावास्येनंतरचं उधाण होतं ते. चौलला मी नंतर आले, त्याआधी माझं माहेर आणि सासर एकाच गावात, हे तुला माहीत आहे. पुकारा झाला तेव्हा आमच्या घरचा म्हणून माझा दीर चंदर उभा होता. तुमच्या घराचं नाव घेतलं, तर कोणीच नाही. रतन हाक मारायला गेला, तर तुझा बाबा तापानं पडलेला. तेव्हा रतन पुढे होऊन "हाय" म्हणाला. सासरवाडीच्या घरचा म्हणून गेला तो. खांडीच्या तोंडाशी तो उभा होता तिथला बांध खचला. दुसऱ्या दिवशी कांदळाच्या झाडीत सापडला.

बघ, अट घातली मी आणि मोडलीही मीच.

खेळ सोडणार होते. मग वाटलं, त्या दिवशी आम्हा बायकांना देवळाच्या पुढे जाऊ दिलं नव्हतं. भरतीचं पाणी घुसताना खांड कशी दिसते ते मी अजून बघितलेलं नाही. आता तरी बघू दे. तर चंद्राबाई पुकाऱ्यात उठून उभी राहते आणि विचारते, "बाईमानूस घरटी एकात मोजत न्हाय काय?" फासा टाकला, सतरा आले. क्रांती साक्षीला होती.

जाऊ दे मला बांधावर.

गोदूआत्या

*

कामोठे,
९ जून २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मला माझीच लाज वाटली. आतोबा खाडीत बुडाले एवढंच मला सांगितलं होतं. मला वाटायचं मासे मारताना. खरंच माहीत नव्हतं गं. तू म्हणशील तर आत्ता हे सगळं बदलते, नवखारच्या जागी जंगल आणते. तू "जाऊ दे मला बांधावर" लिहिलंस, म्हणून भीत भीत पुढे जाते.

सतरा आले म्हणजे पंच गप्प बसले. चंद्राबाई बांधावर गेली. चिखलाचे गोळे हातोहात पुढे देणाऱ्या रांगेत ती उभी आहे. खांड आता दोन माणसं आडवी झोपतील एवढी रुंद झालीय. ही दुसरी भरती.

मोरू तांडेलाची चाल मात्र विचित्र आलीय. जशीच्या तशी उतरवते:

‘मोरू पुकाऱ्याच्या आधीच एकटा बांधावर गेला. त्याने हातभर बांबूची काठी घेतली, कोयत्याने तिला तीन खाचा पाडल्या आणि खाडीच्या अंगाला उतारावर रोवली. पाणी पहिल्या खाचेला आले तर काम चालू ठेवायचे. दुसरीला आले तर म्हातारी आणि पोरे वर पाठवायची. तिसरीला आले तर बांध सोडायचा, आत कितीही शेत असो. एक विडा चघळून होईपर्यंत तो काठीकडे बघत राहिला. मग कोणाला काही न सांगता घरी गेला. दार लावून घेतले.’

मी विचारलं, पाणी कितव्या खाचेला होतं? सांगत नाही. फासा टाका म्हटलं तर टाकत नाही. बांधाचं सगळ्यात जास्त कळणारा माणूस घरात दार लावून बसला तर खेळ पुढे कसा जाणार?

आता तुझी चाल.

प्राप्ती

*

कामोठे,
३ जुलै २०२५

प्रिय आत्या,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. पत्र गहाळ झालं का? तब्येत बरी आहे ना? अंगणवाडीच्या नंबरवर फोन केला, तर मदतनीस नीराबाई म्हणाल्या, बाई बऱ्या आहेत पण हल्ली पोरांवर ओरडतात. तू आणि ओरडतेस?

दुसरा खेळाडू तर संध्याकाळी यार्डातल्या कामावरून आला की आधी टपालाची पेटी उघडून बघतो, मगच चप्पल काढतो.

तिसरी भरती येऊन गेली. चंद्राबाई हलली नाही म्हणून रांग तुटली आणि मिठागरं पाण्याखाली गेली. आत्या, खेळायचं नसेल तर तसं लिही. पण काहीतरी लिही.

प्राप्ती

*

चौल,
८ जुलै २०२५

प्राप्ती,

टपालाची पेटी बघून मग चप्पल काढणारा तुमच्या घरात कोण, ते मला सांगायला नको. पण मोरू तांडेल कोण हे मला त्याच्या आधीच कळलं होतं. म्हणून लिहिलं नाही.

तीन खाचांची काठी आमच्या बापाची, तुझ्या आजोबांची. गावात दुसरं कोणी असं करत नव्हतं. लोक हसायचे, म्हणायचे, कोंडाजी दर्याचा ताप बघतो. बा गेल्यावर ही काठी कापता येणारी दोनच माणसं उरली. एक मी, एक तो.

आता पुढचं नीट वाच. रतन बुडाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी बांधावर गेले. माणसं कांदळात त्याला शोधत होती. खांडीपासून वीस पावलांवर बांध शाबूत होता आणि तिथे काठी रोवलेली होती. तीन खाचांची. म्हणजे तापानं पडलेला माणूस पुकाऱ्याच्या आधी तिथे येऊन गेला होता. आणि रतन बांधावर गेला तो त्याच्या दारावरून, त्याला हाक मारून.

पाणी नंतर सगळीकडेच चढलं. चिखल काठीच्या टोकापर्यंत होता, त्यावरून काही कळेना. सोळा वर्षं मला एकच गोष्ट माहीत नाही. तो बघत होता तेव्हा पाणी कितव्या खाचेला होतं? पहिल्या खाचेला असेल, तर तो नुसता घाबरला. घाबरतात माणसं. तिसऱ्या खाचेला असेल, तर काय होणार ते त्याला ठाऊक होतं आणि त्यानं रतनला जाऊ दिलं. रोज सकाळी पोरांना रांगेत उभं करते तेव्हा हा प्रश्न माझ्या डोक्यात असतो. मला माफी नको, ओवाळणी नको. त्यानं एकदा आपल्या तोंडानं सांगावं, एवढंच हवंय.

तर चंद्राबाईची चाल. ती चिखलाची रांग सोडते. मोरू तांडेलाच्या दारात जाते, कडी वाजवते आणि विचारते, "तांडेल, पानी कितव्या खाचेला हाय?"

याला फासा नाही. हे पत्र त्याला दाखवू नको. फक्त चाल दे.

गोदूआत्या

*

कामोठे,
१८ जुलै २०२५

आत्या,

तुझं म्हणणं ऐकलं. पत्र माझ्या कपाटात आहे. चाल वेगळ्या कागदावर लिहून बाबांच्या ताटाशेजारी ठेवली.

ते जेवत होते. वाचलं आणि भाकरीचा घास हातात तसाच राहिला. मग मला विचारलं, "हे तिनंच लिव्हलंय? असंच लिव्हलंय?" मी मान हलवली. "ती" म्हणजे कोण हे त्यांना मी कधी सांगितलं नव्हतं, आत्या. त्यांना आधीपासूनच कळलेलं होतं. उठले, हात धुतले, कागदाची घडी करून खिशात घातली. आईनं विचारलं काय झालं, तर म्हणाले, खेळ आहे पोरीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन घरी ठेवून बाहेर पडले. यार्डात गेलेच नव्हते. आई रडकुंडीला आली. मी पनवेलचे दवाखाने पालथे घातले, स्टँडवर जाऊन बसले. दोन दिवसांनी परत आले ते गुडघ्यापर्यंत चिखल. कुठे होतात विचारलं तर मोरीत जाऊन पाय धुवायला लागले. तेव्हापासून जेवण नावाला. टीव्ही लावून भिंतीकडे बघत बसतात.

मी तुझ्याशी खोटं बोलले. तुम्हा दोघांना एका गोष्टीत आणून बसवावं म्हणूनच हा सगळा खेळ मांडला. मला वाटलं, चंद्राबाई आणि मोरू मिळून खांड बुजवतील, मग मी दोघांना सांगेन, बघा, कोण होतात तुम्ही. किती मूर्ख मी! बाबांनी लहानपणी बांधाच्या गोष्टी सांगितल्या, त्याच उचलल्या. ते सांगता सांगता नेहमी मध्येच का थांबायचे ते आता कळतंय.

मला भीती वाटतेय. त्यांनी उत्तर दिलं तर काय असेल आणि नाही दिलं तर काय होईल, दोन्हीची. चौथी भरती झाली. पाणी घरांच्या पायऱ्यांना लागलंय. पाचवी थांबवू का? मी गेममास्टर आहे, मनात आणलं तर समुद्र मागे नेऊ शकते. कोणालाच काही बोलावं लागणार नाही.

प्राप्ती

*

चौल,
२१ जुलै २०२५

प्राप्ती,

समुद्र मागे नेऊ नको. मुदत वाढवू नको. सोळा वर्षं आम्ही दोघं तेच करत आलो.

तू मूर्ख नाहीस. खोटं बोललीस त्याबद्दल कान पिरगाळीन, पण तू भेटशील तेव्हा.

मलाही धडकी भरलीय, हे तुला सांगते. गुरुवारी अमावास्या आहे. काल अंगणवाडीत मीठ तीनदा घातलं आणि खिचडी फेकावी लागली. त्याला काही झालं तर, असं मनात आलं आणि माझाच मला राग आला. एवढ्या वर्षांनी ही काळजी कुठून आली कोण जाणे.

त्याला जेवायला घाल. तांदळाची भाकर आणि सुकटीची चटणी, वर कच्चा कांदा. मी सांगितलं म्हणून सांगू नको.

आणि चाल तशीच ठेव. चंद्राबाई दारातच उभी आहे.

गोदूआत्या

*

गावावरून,
२४ जुलै २०२५

गोदूस,

आज परत गावी आलो आहे. देवळाच्या कट्ट्यावर बसून लिहितो. अक्षर वाईट आहे, सातवीनंतर लिहिले नाही. प्राप्तीचा कागद समोर आहे. आधी खेळातली चाल.

चंद्राबाई दारात आली आणि पाणी कितव्या खाचेला असे तिने विचारले. मोरू तांडेल अंगावरची गोधडी काढतो. सांगतो, "तिसऱ्या. तिसरीच्या वर बोटभर. तू जाऊ नको नि कोनाला जाऊ देऊ नको." मग तो दारात थांबत नाही. पळत बांधावर जातो, बांध सोडा म्हणून सगळ्यांना ओरडून सांगतो.

हे मोरूने केले. मी काय केले ते आता लिहितो.

मी पुकाऱ्याच्या तासभर आधी गेलो होतो. काठी रोवली. विडा अर्धासुद्धा चघळून झाला नाही तोच पाणी तिसऱ्या खाचेला आले, मग वर गेले. बा सांगायचा तसे पायाखाली बांध हलला. मी पळालो. गोदू, मी पळालो. घरी येऊन गोधडी घेतली आणि बायकोला ताप आला म्हणून सांगितले. गावात जाऊन बांध सोडा म्हणालो असतो तर लोकांनी विचारले असते, तू पाणी बघून पळून आलास काय? ती लाज वाटली. वाटले, दुसरे कोणी बघेल, दुसरे कोणी सांगेल.

तेवढ्यात रतन आला. दारातून म्हणाला, "दादूस, पुकारा झाला, चल." मी म्हणालो, ताप आलाय. तो हसला. "झोप मग. तुझ्या घरचा म्हनून मी हाय म्हनतो. बरा झालास की एक कोंबडा लागू तुला." कपाळाला हात लावला असता तर त्याला कळले असते. लावला नाही. माझ्यावर विश्वास ठेवला. तीन शब्द बोलायचे होते. पाणी तिसऱ्या खाचेला. जीभ उचलली नाही. तो पायरी उतरेपर्यंत वेळ होता, अंगणातून जाईपर्यंत होता. मी त्याच्या पाठीकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी काठी काढायला गेलो. भोक होते, काठी नव्हती. कोणाच्या हाती लागली ते कळले नाही. तेव्हापासून माणसाच्या तोंडाकडे बघताना मनात येते, याला माहीत आहे काय? म्हणून गाव सोडले. तू बोलायची बंद झालीस तेव्हा वाटले, तुझा नवरा आमच्या घराच्या नावावर गेला म्हणून.

चंद्राबाई म्हणजे तू, हे पहिल्याच चालीत कळले. पुकाऱ्यात उठून बाईमाणूस मोजत नाही काय असे विचारणारी गावात तू एकटीच. म्हणून खेळात काठी रोवली. वाटले, आता सांगून टाकू. पुढे हात चालला नाही. तू विचारलेस म्हणून चालला.

बांध आता दगडाचा केला आहे. काठी रुतत नाही.

दिनानाथ

*

चौल,
३० जुलै २०२५

दादूस,

पत्र पोस्टमनला उभं ठेवूनच वाचलं. तो बिचारा विचारत राहिला, "बाई, वाईट बातमी हाय काय?" मी म्हटलं, जुनी हाय.

तिसऱ्या. मला वाटलं होतं, एकदा कळलं की हलकं वाटेल. नाही वाटलं. आधी इतका संताप आला की कागद फाडायला घेतला. मग रतन काय बोलला ते पुन्हा वाचलं आणि रडले. तो हसत गेला, कोंबड्याचं बोलून गेला, हे मला माहीतच नव्हतं. मी सोळा वर्षं त्याचं तोंड घाबरलेलंच बघत होते. हे तू दिलंस मला.

माफ केलं असं लिहीत नाही. लिहिलं तर खोटं होईल, आणि या घरात खोटं पुष्कळ झालं.

पण माझंही एक राहिलंय. ते तुला सांगितल्याशिवाय मला तुझ्याकडे बोट दाखवता येत नाही. काठी भरतीनं नेली नाही, कोणा परक्याच्याही हाती लागली नाही. मी उपटली. पंच दहा पावलांवर होते, बांध बघत माझ्याकडेच येत होते. कोंडाजीची काठी त्यांनी लगेच ओळखली असती. तुझं घर वाळीत पडलं असतं. तुझी पोर आठ वर्षांची होती, दोन लाल रिबिनी लावून माझ्याकडे खाऊ मागायला यायची. मी काठी पदराखाली घेतली. तिकडे लोक कांदळातून रतनला बाहेर काढत होते आणि मी तुझं नाव झाकत होते. हे मी का केलं, याचा राग तुझ्यावर कमी आणि माझ्यावर जास्त होता. तुझ्याशी बोलले असते तर तोंडातून ते निघालंच असतं. म्हणून बोलले नाही. तेव्हा आता माणसांच्या तोंडाकडे बघणं सोड. कोणाला काही माहीत नाही. मला होतं.

प्राप्तीला सांग, पाचवी भरती टपालानं पाठवू नको. हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आहे असं तिनंच पहिल्या पत्रात लिहिलंय. माझ्याकडे टेबल आहे, अंगणवाडीतलं, हातभर उंचीचं. तुझे गुडघे दुखतील. दुखू देत. रविवारी सकाळी या. वहिनीलाही आण. ताप आलाय असं सांगितलंस तर मी कामोठ्याला येऊन कपाळाला हात लावून बघीन.

चंद्राबाईची चाल लिहून ठेवते. मोरू तांडेल ओरडत बांधावर पळतोय आणि ती त्याच्या मागे पळतेय. माणसं त्याचं ऐकतात की नाही, ते फाशावर. पण फासा मी टाकणार, तू नाही.

आणि हो, येताना बांबू तोडत बसू नको. काठी माझ्याकडे आहे.

गोदू